ठकीच्या खोलीचं हँडल

नव्या वन्यजीव उद्यानातली वाघांची घरं जिने आखली, ती जुन्या प्राणिसंग्रहालयातच लहानाची मोठी झाली होती. तिचे वडील तिथे बत्तीस वर्षं वाघांचे रखवालदार. शाळा सुटली की ती दप्तरासकट पिंजऱ्यांमागच्या बोळात हजर व्हायची आणि त्यांच्या पायांत लुडबुडायची. पुढे शिकून इंजिनिअर झाली. जुन्या संग्रहालयाला लागूनच, भिंतीपलीकडच्या माळावर नवं उद्यान उभं करायचं ठरलं आणि वाघांच्या भागाचं काम तिच्याकडे आलं. वडिलांनी ही बातमी आधी माणसांना सांगितली, आणि माणसं संपल्यावर वाघांनाही सांगितली म्हणे.

जुन्या पिंजऱ्यांचे दरवाजे म्हणजे नुसता छळ होता. हँडल वर रेटलं की दरवाजा उघडायचा, खाली ओढलं की बंद. ते वर रेटून रेटून वडिलांचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. सकाळी शर्टात हात घालताना ते तोंड फिरवायचे. मुलीला आपलं तोंड दिसत नाही, अशी त्यांची भाबडी समजूत. मुलीने ते बरोबर हेरलं होतं. तिने नव्या दरवाजांना मागून जड वजनं जोडली आणि हँडल उलटं केलं. आता नुसतं खाली ओढलं की दरवाजा अलगद वर सरकायचा, आवाजसुद्धा व्हायचा नाही. बंद करायला हँडल वर लोटायचं, तेही एका बोटाने. का केलं, ते तिने कोणाला सांगितलं नाही. रखवालदारांना मात्र तीन वेळा करून दाखवलं. तिघांनी माना डोलावल्या. चौथे वडील, ते म्हणाले, "कळलं गं बाई, किती वेळा तेच!"

चाचणीच्या दिवशी ठकीला नव्या घरात आणलं. ठकी म्हणजे वडिलांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली वाघीण. ती येईल तरच मी येईन, ही नव्या उद्यानात यायची त्यांची एकमेव अट होती. सकाळी तिला मोकळ्या आवारात सोडलं आणि आवार व खोलीच्या मधला दरवाजा बंद केला. आता वडिलांनी आत जाऊन तिची खोली झाडायची, एवढंच बाकी होतं. मुलगी आणि उद्यानाचे साहेब छतावरच्या जाळीच्या वाटेवर उभे होते. तिथून बोळ, खोली, आवार, सगळं एका नजरेत दिसायचं. बोळातून मात्र मधला दरवाजा दिसत नव्हता. तो वळणापलीकडे होता, लोकांच्या डोळ्यांना लोखंड खुपू नये म्हणून. त्याचं हँडल तेवढं बोळात होतं.

वडील खराटा घेऊन बोळात आले. आणि मग त्यांनी ते केलं, जे बत्तीस वर्षं रोज केलं होतं. आत पाऊल टाकण्याआधी, दरवाजा बंद आहे हे ठाऊक असूनही, खात्रीसाठी हँडल एकदा खाली ओढायचं, हा त्यांचाच नियम. नवा माणूस कामावर आला की ते आधी हेच शिकवायचे.

त्यांनी हँडल खाली ओढलं.

वळणापलीकडचा दरवाजा वर सरकला. कसलाही आवाज झाला नाही. वडील बोळाच्या दाराचं कुलूप काढून खोलीत शिरले आणि त्या उघड्या दरवाजाकडे पाठ करून झाडायला लागले.

वरून मुलीने ते पाहिलं.

"अहो, हाक मारा त्यांना!" साहेब पुटपुटले आणि स्वतःच ओरडायच्या बेतात होते. तिने त्यांचा दंड असा आवळला की त्यांचे शब्द घशातच राहिले. ओरडलं की माणूस वर बघतो आणि वाघ माणसाकडे बघतो, हे तिला सहाव्या वर्षीच शिकवलेलं होतं. तिकडे आवारात ठकी झाडाखालून उठली होती. खराटा वाजला की मागोमाग मांस येतं, एवढं तिला पक्कं माहीत. ती शेपटी हलवत, काही घाई नसल्यासारखी, उघड्या दरवाजाकडे निघाली. तिचं प्रेम असेल, नाही कशाला म्हणा, पण बंद खोलीत दीडशे किलोच्या प्रेमाचा भरवसा कोणी द्यावा?

मुलगी जाळीवरून चवड्यांवर पळाली. पार दुसऱ्या टोकाला, आवाराच्या वर. जाताना साहेबांच्या हातातली स्टीलची बाटली हिसकावून घेतली होती. कठड्यावर तिने ती वाजवली. दोनदा भरभर, एकदा सावकाश. ठकीला बोलवायला वडील बादली वाजवायचे तशी.

"ये गं ठके, ये ये ये..."

ठकी दारात थबकली. तिचं डोकं आत होतं, धड बाहेर.

खराट्याचा आवाज थांबला. वडिलांनीही बादलीची खूण ऐकली होती. ती खूण या जगात दोघांनाच येत होती आणि त्यातला एक तर इथे खराटा घेऊन उभा होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खराटा हळूच भिंतीला टेकवला, तीन पावलं बाजूला सरकले, बोळाच्या दारातून बाहेर आले आणि कुलूप लावलं. मगच ते बोळात मटकन खाली बसले. ठकी आत येऊन खराटा हुंगत राहिली.

अर्ध्या तासाने साहेब अहवालाचा कागद घेऊन बोळात आले. वडिलांसमोरच त्यांनी लिहायला घेतलं.

"रखवालदाराची चूक," ते म्हणाले. "तीन वेळा शिकवलं होतं. यांना वाघांच्या कामावरून काढावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"माझीच चूक, साहेब," वडील लगेच म्हणाले. मुलीकडे त्यांनी बघितलंच नाही. "वय झालं. पोरीच्या कामात काही खोट नाही. फक्त ठकीला कोण बघणार, तेवढं सांगा."

मुलीला संताप आला, त्यांचाही आणि स्वतःचाही. "थांबा," ती म्हणाली. "सही करू नका."

शेजारची अस्वलाची खोली अजून रिकामी होती, हँडल मात्र तिथेही तसंच होतं. तिने बाकीच्या तीन रखवालदारांना तिथे बोलावलं आणि एकेकाला सांगितलं, "काका, समजा अस्वल बाहेर आहे, मधला दरवाजा बंद आहे. तुम्हाला आत जाऊन झाडायचंय. चला." पहिल्याने खराटा उचलला, हँडल खाली ओढलं आणि आत गेला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा हात वर करून मोठ्या दिमाखात म्हणाला, "मला ठाऊक आहे, उलटं आहे ते!" आणि बोलता बोलता त्यानेही खालीच ओढलं. तिन्ही वेळा वळणापलीकडचा दरवाजा गुपचूप उघडला.

साहेबांचा चेहरा उतरला, पण कागद त्यांनी सोडला नाही. "ही जुनी माणसं आहेत हो. नवीन माणसांना घेऊ. सवय नसली की प्रश्नच मिटला. तुम्हीच करून दाखवा. हे तर तुम्हीच आखलंय."

"दाखवते," ती म्हणाली. खाली उघडतं, वर बंद होतं. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

वडील उठले. त्यांनी खराटा तिच्या हातात दिला. "जा," ते म्हणाले, लहानपणी म्हणायचे तसंच. "आणि आत जाण्याआधी काय करायचं?"

तिने खराटा काखेत मारला, दुसरा हात पुढे केला आणि हँडल ओढलं.

खाली.

तिचा हात हँडलवर तसाच राहिला. बाबांच्या खांद्यावर बसून जुनं हँडल असंच खाली ओढायला ती शिकली होती.

वडील जवळ आले. "माझ्या खांद्यापायी केलंस ना हे?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते.

"खांदा बघितलास, पोरी. हात बघायचा राहिला."

तिने साहेबांच्या हातून कागद घेतला. 'चूक कोणाची' या रकान्यातलं वडिलांचं नाव खोडलं, तिथे स्वतःचं लिहिलं, आणि खाली लिहिलं की सगळी हँडलं जुन्यासारखी, खाली ओढलं की बंद होणारी, होईपर्यंत उद्यान उघडायचं नाही.