टेबलाचा चौथा पाय

माझ्या धाकट्या भावाच्या शिवणाच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. भाऊ नुकताच गेला होता, आणि ज्या टेबलावर त्याने जन्मभर कापड बेतलं, ते टेबल म्हणे आता त्याच्या वतीने बोलत होतं! एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. या टेबलाच्या बोलवित्या धन्याला लोक टकटकबाबा म्हणत.

आतल्या खोलीत भाची पोट धरून कण्हत होती. अंगात सणसणून ताप.

"हिला दवाखान्यात नेऊ का हो?" भावजयीने टेबलाला विचारलं.

बाबाची आणि चार शेजाऱ्यांची बोटं टेबलावर टेकलेली. टक. टक.

"पाहिलंत? बापाची माया!" बाबा गहिवरला. "कापाकापी करणाऱ्यांच्या हाती लेक देईल का तो?"

माझं डोकंच फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. वाकून पाहिलं, तर एका कोपऱ्यात फरशी खचलेली आणि तिथला पाय अधांतरी.

"इथे चिंधीची घडी असायची ना गं?"

"यांच्या हातची होती, ताई. आठवण म्हणून फोटोपुढे ठेवलीय."

मी ती घडी उचलली आणि पायाखाली सारली. "आता विचार."

तिने विचारलं. पुन्हा विचारलं. टेबल ढिम्म.

"आत्मा रुसला!" बाबा ओरडला. "या बाईच्या संशयानं!"

"रुसतोय कसला? टेबल खचलेल्या फरशीवर तीनच पायांवर उभं होतं. जवळजवळ सगळा भार समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या पायांवर, तिसऱ्यावर नावापुरता. मग करंगळी दाबली तरी ते चौथ्या पायावर कलणारच." मी घडी काढली, एका बोटाने कोपरा दाबला. टक. पुन्हा दाबला. टक.

बाबाने काढता पाय घेतला. आम्ही पोरीला उचलून रिक्षात घातलं.

"काल का नाही आणलंत?" डॉक्टर म्हणाले. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. संध्याकाळी पोर गेली.

"पण ते नको म्हणाले होते ना, ताई?" भावजय विचारत राहिली. मला तिचा राग आला आणि कीवही आली. "तो तिथे नव्हताच गं," एवढंच बोलले.

तुम्हाला मात्र स्पष्ट सांगते. टेबल डुगडुगलं तर पायाखाली काहीतरी सारा. पोट दुखलं तर डॉक्टर गाठा. आणि विचारायचंच असेल तर जिवंत माणसाला विचारा. पोर आतून सांगतच होती.