दोष शून्य सांगणारं यंत्र

तासगावात बेदाण्याच्या शेडसमोर ही गर्दी! संगणकाला झेंडूचा हार, पुढं नारळ, उदबत्त्या. धंद्याचा कुठलाही चिनी कागद आत घाला. यंत्र चुका काढणार, घंटा वाजणार, पडद्यावर ‘दोष शून्य’ उमटणार. लोक चक्क हात जोडत होते!

"ह्या यंत्राला अख्खी चिनी भाषा तोंडपाठ!" यंत्र आणणारे नाथाजी सर गरजले. "पण मनात शंका आणाल, तर रुसेल हो!"

यंत्र कधीपासून रुसायला लागलं? रंगूबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. वर्षभर बागेत राबून केलेला तिचा सगळा बेदाणा चीनला निघाला होता. फवारणीचा दाखला चुकला, तर माल बंदरातूनच माघारी येणार. तिचा लेक जयराज मात्र हरखून गेला होता.

"आई, आपल्या दाखल्याला घंटा वाजली! कर सही."

"घंटा देवळातबी वाजती. पर ह्ये वाचलं कुनी?"

तिनं शेजारच्या आसियाला बोलावलं. पोरगी चीनमध्ये शिकून डॉक्टर होऊन आलेली. दाखला वाचता वाचता ती थबकली.

"मावशी, शेवटची फवारणी कवा केली?"

"तोडणीच्या साठ दिस आधी."

"तक्त्यात साठच हायत. खालच्या वाक्यात सहा लिहिलंय!"

रंगूबाईनं दाखला नाथाजींपुढं धरला.

"यंत्र चुकूच शकत नाही!" नाथाजी तडकले.

"बघू की." आसियानं मुद्दाम चिनी मजकूर बिघडवून टाइप केला. वाक्यं मधेच तोडली, आकडे उलटेसुलटे केले. टण्! दोष शून्य.

जयराजनं पुढं होऊन यंत्राला दिलेल्या सूचनांचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "काहीही आलं तरी बदलू नकोस. दोष शून्य लिही. घंटा वाजव."

"तो... तो मंत्र आहे," नाथाजी पुटपुटले.

"कशाचा मंत्र? लबाडी हाय ही!" रंगूबाई कडाडली. "माझा माल बुडाला असता की रं!"

"मावशी, नीट सांगितलं तर असलं यंत्र खरंच चुका शोधतं," आसिया म्हणाली. "पण तेही चुकतं. भाषा जाणणाऱ्या माणसानं वाचायलाच हवं."

"आवं, बेदाणा घेताना व्यापारी खोक्याच्या तळापतूर हात घालतो," रंगूबाई गर्दीकडं वळली. "आन आमी आमच्या नावाचा कागद नुसता हार घालून सोडायचा व्हय?"

आसियानं सहाचे साठ केले, दाखला शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत समजावून सांगितला. तेव्हा कुठं रंगूबाईनं पेन मागितलं.