वेसण नसलेलं जनावर

येसाजीनं मागवला होता बैल आणि पोरगा घेऊन आला घोडा. आठ दिवस झाले तरी त्याच्या डोक्यातली आग विझत नव्हती. सत्तावन्न सालचा वैशाख निम्मा सरला होता. जोडीतला एक बैल कड्यावरून पडून मेला होता, आणि पावसाआधी दुसरा मिळाला नाही तर उमरठच्या वरच्या अंगाचं त्याचं सगळं शेत पडीक राहणार होतं. हे पत्रात नीट लिहून कळवलं होतं. तरीही मुंबईच्या घोड्यांच्या पागेत मोतद्दार असलेल्या दत्तारामानं शर्यतीतून काढून टाकलेलं, पुढच्या डाव्या पायानं अधू झालेलं जनावर आणून गोठ्यात बांधलं. म्हणे, मालक गोळी घालणार होता!

गावाला तर आयतं हसायला मिळालं. "येसाजी, नांगराला घोडा कवा जुंपतोस रे?" असं ज्यानं त्यानं विचारून घेतलं. येसाजीला लाज वाटली, आणि लाज वाटली की तो चिडायचा, हा त्याचा जन्माचा स्वभाव. त्यानं सरळ दाभण आणि दोरी काढली आणि घोड्याचं नाक टोचायला निघाला. नाकात वेसण नाही ते कसलं जनावर? दत्तारामानं मध्ये येऊन त्याचा हात धरला.

"आबा, घोड्याला वेसण नसते."

"मग ऐकतो कसा?"

"त्याला सांगावंच लागत नाय. त्याला पळायचंच असतं." दत्ताराम घोड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "मी पागेत लीद काढाया गेलो व्हतो, तवा पयल्यांदा ह्या बादशाला पळताना बघितला. त्या दिसापासून मला गाव आठवलाच नाय."

हे मात्र येसाजीच्या जिव्हारी लागलं. गाव आठवला नाही म्हणजे आई आठवली नाही, बाप आठवला नाही. चार शिमगे पोरगा घरी फिरकला नव्हता, तो ह्या चार पायांपायी!

"इकून टाकतो ह्याला," तो गरजला. "म्हाडाला चांगू तांगेवाला हाय. त्याला देतो आन् येताना बैल घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच निघाले. पुढे बैलाची म्होरकी घातलेला घोडा धरून बाप, मागे मुलगा. पोलादपूर गेलं, वाटेत दोन एसट्या धुरळा उडवून गेल्या. महाडला पोचेपर्यंत उन्हं कलली होती.

उन्हाळ्यात सावित्रीच्या पात्रात वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो. तांगेवाले आपली घोडी तिथं धुवायला आणत. चांगूनं बादशाचे दात पाहिले, डावा पाय चाचपला आणि तोंड वाकडं केलं.

"लंगडं घोडं माझ्या गळ्यात मारतोस काय, म्हाताऱ्या?"

येसाजीला उभ्या जन्मात कोणी लबाड म्हटलं नव्हतं. त्याची कानशिलं तापली.

"दत्ताराम, बस त्याच्यावर! दाखव ह्याला!"

"चालंल तो, आबा. पन पळवायचा नाय. पाय जाईल त्याचा."

"बस म्हनतो ना!"

दत्तारामानं बापाकडे पाहिलं. "एकदाच," तो म्हणाला आणि उघड्या पाठीवर चढला.

चांगू आणि आणखी एक तांगेवाला आपापल्या घोड्यांवर बसले. हाळी झाली. ते दोघे चाबूक ओढत सुटले. दत्ताराम नुसता पुढे वाकला.

पुढचं येसाजीला कळलंच नाही. इतका वेळ मान खाली घालून चाललेलं ते जनावर एकाएकी लांब झालं, खाली बसल्यासारखं झालं आणि वाळूला धरून निघालं. पाठीवर काठी नाही, शेपटी पिरगाळणं नाही. सारी हयात येसाजीनं जनावरांना हाणत, शिव्या घालत काम करवून घेतलं होतं, आणि हे आपल्या खुशीनं पळत होतं! पाठीवरचा पोरगाही हसत होता. नांगरामागे पाय ओढणारा तो हाच का? येसाजीचं पागोटं सुटून पडलं. "बादशा! हाण बादशा!" असं कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, आणि तो आपणच, हे त्याला घसा दुखल्यावर समजलं.

बादशा दहा हात पुढे आला. येसाजी धावत गेला, त्याच्या घामट मानेला बिलगला आणि डोळे पुसत वर पाहून म्हणाला, "दत्तू, आनखी एकदा!"

"नको, आबा. थरथरतोय बघा पाय."

"अरं, बैल दिवसभर नांगर वढतो. ह्याला येवढ्यानं काय व्हतंय? एकदाच, दत्तू!"

चार वर्षांत बापानं त्याला दत्तू म्हटलं नव्हतं. दत्तारामानं घोडा वळवला.

निम्म्या वाटेत कडकन आवाज झाला. बादशा तोंडावर आपटला, दत्ताराम लांब फेकला गेला. उठून तो खुरडत घोड्यापाशी गेला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मोडलेल्या पायावर उठायची त्या जनावराची धडपड अजून चालूच होती.

"काय करायचं आता?" येसाजीनं विचारलं.

"आनाया सांगा कुनाला बंदूक." दत्तारामानं मान वर केली नाही. "तिकडं पाय गेला तवा मालकबी असंच म्हनला व्हता, आबा. आनखी एकदा."

दत्ताराम महाडाहूनच मुंबईला परत गेला. शिमग्याला येतो असं तो म्हणाला नाही, आणि ये असं म्हणायचं तोंड येसाजीला राहिलं नव्हतं.

रिकामी म्होरकी घेऊन तो घरी आला. पुढे भावकीतला बैल मागून आणून त्यानं शेत नांगरलं. त्या बिचाऱ्या जोडीला त्या साली विनाकारण फार मार बसला. राग बैलांवर नव्हता. डोळे मिटले की त्याला मोडलेला पाय दिसायला हवा होता, मांडीवरचं ते डोकं दिसायला हवं होतं. दिसायची ती पहिली धाव. आणि ती एकदा, फक्त एकदा पुन्हा बघायला मिळावी असं वाटायचं, म्हणून तो स्वतःला शिव्या घालत काठी उगारायचा.