मी, घुम्या नावाचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव घुम्या. मला कोणी घडवलं ते ठाऊक नाही. बहुधा एखाद्या सासूनं, जावयाकडे बघत. जो बोलत नाही आणि आत काहीतरी दाबून बसलाय असा संशय येतो, त्याला मी चिकटतो. बाई असली तर घुमी होतो. 'अबोल' हा माझा चुलतभाऊ. अर्थ जवळपास तोच, पण तो कवितेत राहतो. मी ओट्यावर वाढलो.

पूर्वी मला फार मागणी होती. एकदा तर लोकांनी मला खांबालाही लावलं. खांबानं तक्रार केली नाही, त्यामुळे संशय वाढला.

१९७१ साली राहुरीजवळ सहादेवांच्या मुलीला, चांगुणेला, बघायला कानिफनाथ आला. तो घोडेगावच्या बाजारात बैलांचा दलाल. सहादेवांनी ऊस, पाणी, बैल सगळं विचारलं. तो फक्त मान हलवायचा. चांगुणा पोहे ठेवून दाराआड उभी राहिली. तिला मुलगा आवडलाय, हे दारालाही कळलं होतं.

सहादेवांची बहीण गोजरबाई हिनं मला हळूच भावाच्या कानात सोडलं. "दादा, पोरगं घुम्या हाय. पोरीनं काय भिंतीसंगं बोलायचं?"

फोडायला काढलेली सुपारी सहादेवांनी परत खिशात टाकली. मला वाईट वाटलं. एका मुलीचं लग्न मोडावं, एवढा काही मी मोठा शब्द नाही.

"येकच सांगा पावनं," सहादेव म्हणाले, "दिसाला पोरीशी किती शब्द बोलशाल?"

कानिफनाथानं खांद्यावरचा टॉवेल काढून सहादेवांच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला. घोडेगावला बैलाचा भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली बोटं दाबून, चकार शब्द न काढता. सहादेवांचीही बोटं सवयीनं हलू लागली. बराच वेळ टॉवेल वळवळत राहिला.

"किती म्हनतोय?" गोजरबाईला राहवेना.

"तीन. मी पाच दाबतोय, तर ह्यो तिनावरनं हलंना. लई पक्का गडी हाय."

दाराआडून चांगुणा म्हणाली, "आबा, तीन पुरं. बाकीचं मी बोलंन."

सुपारी फुटली.

मित्रांनो, मला कोशात कोंडू नका, जरूर वापरा. पण कुणाला चिकटवण्याआधी घटकाभर त्याच्या शेजारी बसा. "आमचं मानूस लई घुम्या बाई," असं चांगुणा शेजारणीला सांगते, तेव्हा तिचा चेहरा फुललेला असतो. इतक्या वर्षांत मला हसून उच्चारणारी ती पहिलीच. मला तसंच उच्चारायची सवय करा.