माझ्यात मासा ठेवू नका

मी एक जुना, गोल, काचेचा बाऊल आहे. पोट मोठे आणि तोंड लहान, असा माझा घाट. मित्रांनो, मला पाहून तुम्हालाही पहिल्यांदा मासाच आठवेल. म्हणूनच मला बोलायचे आहे.

माझा जन्म भट्टीतला. नळीच्या टोकावर लालबुंद काच घेऊन एका कारागिराने गाल फुगवून फुंकर घातली आणि त्याच्या एका श्वासाचा मी झालो. माझ्या तळाशी बारीकसा बुडबुडा राहून गेला, म्हणून मुकादमाने मला दुय्यम मालात टाकले. बरेच झाले म्हणायचे. चांगल्या मालातले माझे भाऊबंद कुठे कुठे दूर गेले. मी मात्र कोपऱ्यावरच्या शिवणकामाच्या दुकानात आलो.

दुकान चालवायची ती एकटी बाई. ती खरी आत्या एकाच मुलीची, पण सारी गल्लीच तिला आत्या म्हणे. तिने माझ्यात बटणे भरली. कित्येक वर्षे तिची बोटे माझ्यात खळखळ करत बटणाला बटण शोधत राहिली. दिवस चांगले होते. पण बटणांच्या बाऊलकडे मान वळवून कोण बघतो?

आत्याची भाची शाळा सुटली की थेट दुकानात यायची. एका जागी बूड टेकेल तर शपथ, म्हणून तिचे नाव पडले फिरकी. तिच्या वाढदिवसाला तिच्या मामाने पाण्याच्या पिशवीतून एक मासा आणला. निळा-जांभळा, आणि अंगाभोवती पर असे, की जणू कुणी झिरझिरीत ओढणी पाण्यात सोडली आहे. फायटर जातीचा मासा तो. त्याला बेट्टाही म्हणतात. फिरकीने त्याचे नाव ठेवले मखमल्या.

"आणला खरा, पण ठेवायचा कशात?" मामा डोके खाजवत म्हणाला.

"कशात म्हणजे? हा काय!" आत्याने बटणे डब्यात ओतली, मला नळाखाली धरून भरले, आणि मखमल्या माझ्या पोटात आला.

कपडे घालून बघायला दुकानात एक मोठा आरसा होता. तिथे उजेड चांगला, म्हणून मला त्याच्यासमोर ठेवले. मखमल्याने आरशात पाहिले मात्र, त्याचे गाल फुगले, पर ताठ झाले, सारे अंग पिसाऱ्यासारखे फुलले.

"अगं बाई, बघा तरी कसा मिरवतोय!" एक चष्मेवाली बाई म्हणाली. "आत्या, तुमच्या शिलाईपेक्षा याचाच झगा झकास."

"मग पुढच्या वेळी माप त्यालाच द्या," आत्या हसली.

बरेच दिवस दुकानात शुकशुकाट होता. आता मासा बघायला लोक येऊ लागले आणि आलेच आहोत तर म्हणून कापडही टाकून जाऊ लागले. मलाही कौतुकाचे चार शब्द मिळाले.

पण मित्रांनो, माझ्या पोटात काय चालले होते ते मलाच ठाऊक. मखमल्या मिरवत नव्हता. तो भांडत होता. आरशातला मासा त्याला शत्रू वाटे. हा पुढे गेला की तो पुढे येई, हा फुगला की तो फुगे. असा शत्रू कधी हरतो का? दिवसभर झुंजताना त्याला घडीचीही उसंत नसे. रात्री पाणी गारठे आणि त्याची घाण त्याच्याच भोवती फिरत राही.

हळूहळू त्याचा रंग विटला. पर मिटून अंगाला चिकटले. या जातीच्या माशाला हवेचा घोट घ्यायला वर यावे लागते, तेही तो मोठ्या कष्टाने करी. मी काय करणार? मला ना हात, ना पाय. वाटे, तडा जाऊ दे मला, म्हणजे निदान याला कुणी दुसरीकडे तरी हलवील. पण तडाही मागून मिळत नाही.

फिरकीच्या लक्षात आले. टाकलेला दाणा तरंगत राहिला, मखमल्या वर आलाच नाही. तिने अस्तराचे कापड ओढून आरसा झाकला.

"आत्या, तो दमलाय गं."

"मासा कुठे दमतो होय?"

फिरकी वाद घालत बसली नाही. पलीकडच्या रस्त्यावर मासेवाल्या काकांचे दुकान होते. त्यांना तिने अक्षरशः बाही धरून आणले. काका वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"बाळ, बाऊल देखणा आहे. पण हे घर नाही, ही कोठडी आहे."

शब्द लागला मला. पण कुणीतरी खरे बोलले, याने जीव हलकाही झाला.

"एवढ्याशा जिवाला किती तो थाट!" आत्या म्हणाली. "हॉटेलात उतरलाय का?"

"आत्या, आपली हवा वेगळी, ताट वेगळं, मोरी वेगळी. माशाचं सगळं त्या एका पाण्यात. पाणी थोडं, तर घाण लवकर."

आत्याने वाकून माझ्यातल्या गढूळ पाण्याकडे पाहिले.

"मग जोडीला अजून एक मासा आणू का? एकटा आहे बिचारा," फिरकीने विचारले.

"छे, छे! हा एकटाच सुखी असतो."

"म्हणजे माझ्यासारखाच की," आत्या म्हणाली, आणि तिघेही हसले.

काकांनी त्यांच्याकडची एक लांबट टाकी दिली. मासा उडी मारतो म्हणून तिला झाकण, पाणी उबदार राहावे म्हणून हीटर, आणि पाणी न ढवळता साफ करणारा स्पंजचा फिल्टर. भरलेली टाकी जड, तिला भक्कम आणि सपाट जागा हवी. तशी जागा दुकानात एकच होती.

"माझं कटिंगचं टेबल? आणि कापड काय डोक्यावर कापू? शिवाय आरशासमोर नसला, तर लोक बघायला यायचे बंद होतील, फिरके."

फिरकीच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाज हलला नाही. "होऊ देत बंद. तो आपला पाहुणा आहे, दुकानाची पाटी नाही."

आत्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्या तळाशी पडलेल्या मखमल्याकडे. तिने कात्री आणि मापपट्टी उचलली आणि टेबलाचा अर्धा भाग मोकळा केला.

मग घर मांडायला सुरुवात झाली. वाळू धुऊन धुऊन पाणी नितळ येईपर्यंत धुतली. लपायला मातीचे एक छोटे मडके आडवे ठेवले. मामाने हौसेने प्लास्टिकची झाडे आणली होती. आत्याने रेशमाची चिंधी घेतली आणि त्या पानांवरून ओढली. चर्रकन धागा निघाला.

"रेशमाची ही गत, तर त्याच्या परांची काय होईल?" म्हणत तिने ती झाडे बाजूला केली. त्यांच्या जागी खरी, मऊ पानांची झाडे आली.

नळाच्या पाण्यातले जंतुनाशक औषध माशाला सोसत नाही, म्हणून ते मारणारे थेंब पाण्यात घातले. काकांनी आपल्या जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा दिला. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. माशाच्या घाणीतले विष ते नाहीसे करतात. पण नव्या घरात त्यांचा जम बसायला वेळ लागतो. "पाणी तपासायची पट्टी सांगेल तेव्हाच मासा सोडायचा," काकांनी बजावले.

तोवर मखमल्याला माझ्यातच दिवस काढायचे होते. मला मागच्या खोलीत हलवले आणि भोवती फ्लॅनेलची चिंधी गुंडाळली. फिरकीने नेमच धरला. शाळेत जाण्याआधी माझ्यातले थोडे पाणी काढायचे आणि तेवढ्याच उबेचे, थेंब घातलेले पाणी हळूच ओतायचे. नेम म्हणजे नेम. पाऊस असो, परीक्षा असो. एकदा ती तापाने झोपून राहिली, तर आत्या आली. बाळाच्या अंघोळीचे पाणी बघावे तसे बोट बुडवून तिने आधी ऊब पाहिली, मगच पाणी ओतले.

मखमल्या कधी दाणा खाई, कधी नुसता पाही. फिरकीचा चेहरा उतरे.

"सोड की गं आता," आत्या कळवळून म्हणाली. "टाकीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ आहे."

फिरकीने पट्टी बुडवली, रंग पाहिला आणि ओठ घट्ट मिटले. "दिसतं स्वच्छ. झालेलं नाही अजून." चूक झाली तर तो जाईल, आणि उशीर झाला तरी जाईल, हे तिलाही कळत होते.

शेवटी पट्टीने होकार दिला. फिरकीने टाकीतले पाणी एकेक पेला करून माझ्यात मिसळले, मखमल्याला सवय व्हावी म्हणून. मग आत्याने एका बाजूने आणि तिने दुसऱ्या बाजूने धरून मला टाकीत अलगद तिरके केले. मखमल्या माझ्या तोंडाशी येऊन थबकला. मग त्याने शेपूट हलवले आणि तो बाहेर गेला, झाडांमधून, मडक्याला वळसा घालून, थेट वर. तिथे त्याने हवेचा एक घोट घेतला आणि त्याचे पर सावकाश उलगडले. समोर शत्रू नसताना उलगडले. त्याने माझ्याकडे वळून पाहिले नाही. मला त्याचे बरेच वाटले.

त्यानंतर मी फळीवर रिकामा बसलो. बघ्यांची गर्दी ओसरली. आत्याने त्याबद्दल एकदाही तोंड उघडले नाही.

एक दिवस ती चष्मेवाली बाई आली. "आत्या, हा बाऊल मला द्या ना. रिकामाच पडलाय."

"घेऊन जा की. काय ठेवणार?"

"मुलाला मासा घ्यायचाय."

मला उचलायला पुढे आलेला आत्याचा हात मागे गेला. "मग नाही मिळायचा."

"अहो, असं काय करता?"

"रिकामाच बरा तो. तुम्ही आधी आत या. माशाचं घर कसं असतं, ते दाखवते." आणि तिचा हात धरून आत्या तिला कटिंगच्या टेबलाकडे घेऊन गेली.

मित्रांनो, आयुष्यात माझे कौतुक पुष्कळांनी केले. पण आत्याच्या त्या नकाराची सर कशालाच नाही. तुम्हीही कधी मासा आणाल. आणा, पण आधी घर मांडा, पाणी मुरू द्या, धीर धरा. जीव मग आणा. आणि फळीवर माझ्यासारखा एखादा गोल बाऊल दिसला, तर त्याला खुशाल रिकामा राहू द्या. आम्हाला राग येत नाही.