फेस बसेपर्यंत

"दक्षता म्हंजी काय हो, सायेब?" केवळाबाईनं विचारलं आणि चावडीसमोर जमलेली मंडळी हसली. हसणाऱ्यांनाही अर्थ ठाऊक नव्हता, ही गोष्ट वेगळी.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब रेशन दुकानांवर दक्षता समित्या नेमत उदगीरकडच्या गावांतून फिरत होते. समितीत बाई हवी म्हणून केवळाबाईचं नाव घातलेलं. साहेब म्हणाले, "फसवणूक झाल्यावर बोंबलायचं नाही, बाई. होण्याआधीच डोळे उघडे ठेवायचे. ती दक्षता."

शब्द तिला आवडला, पण अर्थ जड गेला. कारण दुकान माणिकप्पाचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा गेला, ती खडी फोडायला जायची, तेव्हा याच माणिकप्पानं तिची पोरं घरी नेऊन जेवू घातली. सख्ख्या भावानं केलं नसतं इतकं केलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला तो दारातूनच ओरडायचा, "अक्का, पाट मांडलीस का न्हाई?"

आणि हाच माणिकप्पा रॉकेल उंचावरून ओततो, माप फेसानंच भरतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

दुसऱ्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. पुढे मजुरी करणारी भामाबाई होती. माणिकप्पानं माप भरलं आणि तिच्या बाटलीत रिकामं करायला उचललं.

"थांब, माणिकप्पा," केवळाबाई म्हणाली. "फेस बसू दे."

"अक्का, तू मला सांगायलीस?"

"व्हय. बसू दे, मग वरून घाल."

फेस बसला तसं माप दोन बोटं रिकामं निघालं. माणिकप्पानं खालमानेनं ते भरलं.

त्या भाऊबीजेला तिनं पाट मांडला, निरांजन लावलं. वात विझेपर्यंत वाट पाहिली. तो आला नाही.

आता घरोघरी गॅस आला, रॉकेल गेलं, माणिकप्पाही गेला. "दक्षता म्हंजी आमची केवळाबाई," असं भामाबाई अजून नातसुनांना सांगते. केवळाबाई हसते. पण कुठं रॉकेलचा वास आला की तिला ते दुकान आठवतं आणि जीव तुटतो. त्या दिवसानंतर तिचं माप भरल्यावर माणिकप्पा आपणहून हात थांबवायचा, फेस बसू द्यायचा, काठोकाठ वरून घालायचा. मग तिच्याकडे न बघता बाटली पुढे सरकवायचा.

"घ्या, केवळाबाई."