बंद दाराआडचा गीझर

मी एक जुना माऊस आहे. नाव उंदराचे असले तरी टेबल सोडून मी कुठे पळालेलो नाही. मित्रांनो, कारखान्यातून खोक्यात बसून आलो, तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो. आता ताईच्या तळव्याने माझी पाठ गुळगुळीत झाली आहे आणि डावे बटण जरा जोर लावल्याशिवाय दबत नाही.

ताई घरदुरुस्तीच्या एका ऑनलाइन ग्रुपची मॉडरेटर आहे. पगार नाही, पाणी नाही. शिवीगाळ काढायची, जाहिराती उडवायच्या, भांडणे मिटवायची. "ताई, तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही," असे लोक लिहीत, तेव्हा मलाही मूठभर मांस चढे.

एका संध्याकाळी एका बाईंची पोस्ट आली. गॅस गीझर लावून आंघोळ करताना त्यांची मुलगी बेशुद्ध पडली होती. नशिबाने वाचली. गीझरचा विषारी वायू बाहेर सोडणारा पाइप दुकानदाराने बसवलाच नव्हता. खाली दुकानाचे नाव होते. दुकान ताईच्या धाकट्या भावाचे.

तेवढ्यात त्याचाच फोन. "ताई, काढ गं ते. माझं दुकान बसेल."

"पाइप का नाही लावलास?"

"खिडकीच नव्हती गं तिथे. गिऱ्हाईक घाई करत होतं."

ताईने पोस्ट काढली नाही, पण ठेवलीही नाही. 'तपासणीसाठी बाजूला' हे बटण तिने माझ्याकरवी दाबले. पोस्ट सगळ्यांना दिसेनाशी झाली. "काढली कुठे? नुसती बाजूला ठेवली," असे ती स्वतःलाच समजावत राहिली. बाकीच्या मॉडरेटरना तिने काहीच कळवले नाही. मला मात्र धडकी भरली.

थोड्या वेळाने ग्रुपवर एकाने विचारले, "याच दुकानातून आज गीझर बसवलाय. आई आंघोळीला गेलीय, आतून म्हणतेय, डोकं जड झालंय. नवीन गीझरला असं होतं का?"

खाली कुणी तरी लिहिले, "होतं हो. सवय होईल."

"गीझर बंद करा. दार उघडा. आईला बाहेर काढा. आत्ता!" ताईने लिहिले. तिचा तळवा घामाने ओला झाला होता, माझे बटण काही केल्या दबेना. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. कसेबसे तिने मॉडरेटरांना कळवले, "दुकानदार माझा सख्खा भाऊ आहे. मी पोस्ट लपवली, चुकलं माझं. यातलं आता मी काहीच ठरवणार नाही. तुम्ही बघा." त्यांच्यातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी लगेच पोस्ट पुन्हा वर आणली.

उत्तराची वाट पाहताना ताई रडकुंडीला आली. शेवटी एक ओळ उमटली. "बाहेर आणलं आईला. उभं राहवत नाहीये, पण बोलतेय. दवाखान्यात नेतोय."

फोन पुन्हा वाजला. "ताई, पोस्ट परत दिसतेय!" भाऊ ओरडला.

"दिसू दे. तू आधी सांग, असे गीझर अजून कुणाकडे बसवलेस?"

तो चाचरत एकेका घराचे नाव सांगू लागला. नावे संपेचनात.

मित्रांनो, आपले माणूस गुंतले असेल तर माझ्यावरचा हात आधी काढा आणि सगळ्यांना तसे सांगा. बटण दाबले की मी मुकाट्याने काम करतो. दाराआड कोण आहे, ते मला कुठून कळणार?